पाटील सर, पण कोणते?

माण तालुक्यातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आता दोन ठिकाणी हजेरी लावावी लागते. एक दहिवडी-म्हसवडच्या वर्गात, दुसरी इंटरनेटवर. ‘विद्वान’ या केंद्रीय माहितीकोशात नाव, गुगल स्कॉलरवर पान, रिसर्चगेटवर कोटातला फोटो आणि लिंक्डइनवर ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो’ ही आरोळी. हौसेने करणारे असतीलही. बहुतेकांच्या मागे नॅकची समिती आणि पदोन्नतीची फाइल लागलेली असते.

शिवाजी विद्यापीठाच्या तीन जिल्ह्यांत यातून एक खास घोळ होतो. पाटील, जाधव, शिंदे, माने इथे पैशाला पासरी. गुगल स्कॉलर लेख आपोआप जोडून देते. आद्याक्षरे जुळली, की रसायनशास्त्राच्या पाटलांचे लेख इतिहासाच्या पाटलांच्या खात्यावर जमा! काही जण ते तातडीने काढून टाकतात, काहींना वेळ मिळत नाही. सातबाऱ्यावर शेजाऱ्याने गुंठाभर ओढला तर तलाठ्याकडे धावणारा गडी इथे मात्र निवांत. अशा नामसाधर्म्यावर उतारा म्हणून 2012 साली ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक आला. तो घ्यावा, आणि वापरावाही.

बिरुदांचेही तसेच. 2020 च्या टाळेबंदीत गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र ई-मेलने घरी यायचे. ती अजून पानावर झळकतात. ‘केअर लिस्टेड’ हा शब्दही झळकतो. संशोधनपत्रिकांची ती ‘केअर’ यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, ही बातमी पानापर्यंत पोचायची आहे.

गंमत म्हणजे यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत वर्गावरच्या तासांचीही प्रतवारी आहे. नेमून दिलेल्यांपैकी 80 टक्के किंवा अधिक तास घेतले, तर ‘चांगले’. ही प्रतवारी कोणी लिंक्डइनवर अभिमानाने टाकल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

टाकायचीच झाली तर पहिला मान तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा. तास घेतला तरच मानधन, त्यामुळे तास बुडवणे त्यांना परवडतच नाही. दुष्काळी तालुक्यातल्या महाविद्यालयांचे कितीतरी वर्ग त्यांच्याच जिवावर चालतात. नेट-सेट झालेले, काही पीएच.डी.सुद्धा. पण पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसलेल्या माणसाने प्रोफाइलवर संस्थेचे नाव कोणते लिहावे?