२२ ऑक्टोबरनंतरचा दिवस

२२ ऑक्टोबर १८४४ रोजी, एका मंगळवारी, अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हजारो माणसे घरोघरी आणि सभागृहांत जमून प्रभू येशूच्या पुनरागमनाची वाट पाहत होती. ती पांढरे झगे घालून छपरांवर चढली होती, असे पुढे बरीच वर्षे सांगितले गेले. पण अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या गोष्टीला आधार सापडला नाही. खरे घडले ते याहून साधे होते आणि म्हणूनच जास्त चटका लावते. कुणी दुकान बंद केले, कुणी जुनी देणी फेडून मोकळा झाला, कुणी बटाट्याचे पीक जमिनीतच राहू दिले. मध्यरात्र उलटली. हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्याने नंतर लिहून ठेवले आहे की त्याच्याकडे जमलेली माणसे उजाडेपर्यंत रडत होती. चर्चच्या इतिहासात हा दिवस ‘महानिराशा’ म्हणून ओळखला जातो.

या चळवळीचा प्रवर्तक विल्यम मिलर भोंदू नव्हता. तो शेतकरी होता, १८१२च्या युद्धात लढला होता आणि तरुणपणी बायबलवरचा विश्वास सोडून पुन्हा त्याकडे वळला होता. दानीएलाच्या आठव्या अध्यायात पवित्रस्थान शुद्ध होण्यासाठी २३०० दिवसांची मुदत सांगितली आहे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, असे मिलरने धरले. पारसाचा राजा अर्तहशश्त याच्या, इ. स. पूर्व ४५७ मधल्या आज्ञेपासून त्याने मोजणी केली आणि तो १८४३च्या आसपास येऊन थांबला. ही रीत त्याने शोधलेली नव्हती. दिवसाला वर्ष मानून दानीएल आणि प्रकटीकरण वाचण्याची पद्धत प्रॉटेस्टंट पंडितांत रुळलेली होती. खुद्द आयझॅक न्यूटनने या दोन पुस्तकांवर लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३३ साली छापला गेला. मिलर नेमकी तारीख देण्याचे टाळत होता. १८४४चा वसंत प्रभू न येताच सरला, तेव्हा सॅम्युएल स्नो या त्याच्या अनुयायाने यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून २२ ऑक्टोबर काढली. मिलरने ती मान्य केली, तीही अगदी शेवटच्या दिवसांत.

ही हकीकत आज सांगण्याचे कारण असे की तेच शास्त्र हाती धरून ख्रिस्ती माणसे अंतकाळाबद्दल फार वेगवेगळ्या निष्कर्षांवर पोहोचली आहेत, आणि आपल्या बहुतेक मंडळ्यांत यांतला एकच अर्थ जणू एकमेव असल्यासारखा शिकवला जातो. प्रकटीकरणाचा विसावा अध्याय घ्या. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख तिथे आहे. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन आणि आयरेनियस या ख्रिस्ती लेखकांनी तो अक्षरशः घेतला: प्रभू येईल आणि मग पृथ्वीवर राज्य करील. ऑगस्टीनने पाचव्या शतकात सांगितले की हजार हा आकडा प्रतीक आहे आणि ते राज्य म्हणजे मंडळीचा चालू काळच. रोमन कॅथलिक परंपरा मुख्यतः याच वाटेने गेली. आणखी काही जणांच्या मते प्रकटीकरणाचा बराचसा भाग त्या पहिल्या शतकातच घडून गेला, इ. स. ७० मधला यरुशलेमचा पाडाव आणि नीरोने केलेला छळ त्यांना त्यात दिसतो. नीरो कैसराचे नाव हिब्रूत लिहून अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज केली की प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा ६६६ येतो, हा त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

आणखी एका अर्थाचा तर आपल्या मातीशी थेट संबंध आहे. आधी सुवार्तेने जग बदलेल, न्याय आणि ज्ञान पसरेल आणि त्या सुवर्णकाळानंतर प्रभू येईल, असे मानणारा प्रवाह मिलरच्या तरुणपणी न्यू इंग्लंडमध्ये जोरात होता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी याच आशेवर वाढले होते. गॉर्डन हॉल मॅसॅच्युसेट्सचाच, मिलरपेक्षा दोन वर्षांनी लहान. तो १८१३ साली मुंबईत उतरला. सॅम्युएल न्यूएलसह त्याने साऱ्या जगाच्या परिवर्तनावर पुस्तिका लिहिली. ती १८१८ साली निघाली. त्यांच्या मिशनने मुंबईत छापखाना घातला, १८२४ साली मुलींची शाळा काढली, १८२६ साली मराठी नवा करार छापून पुरा केला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने वारला. आणि मिलर गावोगाव फिरून १८४३चा हिशेब मांडत होता त्याच सुमारास, १८४२ साली, या मिशनने अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. शास्त्र एकच, प्रांतही एकच. पण अंत कधी आणि कसा येणार याच्या उत्तरावरून हातातले काम ठरले. ज्याला पुढे मोठा काळ दिसतो तो खिळे जुळवून छापखाना उभारतो. हॉलच्या पिढीचा आशावाद भाबडा होता, त्यात पाश्चात्त्य श्रेष्ठत्वाचा गर्वही मिसळलेला होता, आणि पहिल्या महायुद्धाने तो जवळपास संपवला. तरीही त्याचे मराठीवरचे ऋण आम्ही नाकारू शकत नाही.

आज ज्या अर्थाचा गाजावाजा सर्वाधिक आहे तो तुलनेने नवा आहे. जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या धर्मोपदेशकाने १८३०च्या दशकात तो मांडला आणि १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी तो घरोघरी नेला: विश्वासणारे आधी वर उचलले जातील, मग सात वर्षांचे महासंकट, ख्रिस्तविरोधी आणि शेवटी प्रभूचे राज्य. या आराखड्यात आजच्या इस्राएल राष्ट्राला मध्यवर्ती जागा आहे, आणि अमेरिकेच्या पश्चिम आशियाविषयक राजकारणावर त्याचा दाब पडतो. पॅलेस्टाइनमधल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी डिसेंबर २००९ मध्ये ‘कैरोस पॅलेस्टाइन’ हे निवेदन काढले. भूमीच्या वचनांचा आधार घेऊन आमच्यावरचा अन्याय पवित्र ठरवू नका, असे त्यांनी जगभरच्या मंडळ्यांना बजावले. बेथलेहेमात राहणाऱ्या विश्वासणाऱ्याचे हे म्हणणे ऐकल्याशिवाय यहेज्केलावर प्रवचन करू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

प्रभू पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करील, याविषयी या सर्वांचे एकमत आहे. नायसियाच्या विश्वासांगीकारात ते आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात तो दिवस देवदूतांनाही ठाऊक नाही असे प्रभूच सांगतो, आणि लगेच पंचविसाव्यात भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी आणि तुरुंगातल्याची भेट हा न्यायाचा निकष ठेवतो. म्हणून एखाद्या अर्थाची पारख त्याच्या गणिताने करण्याआधी, तो ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो, हे पाहिले पाहिजे.

महानिराशेनंतर चेष्टा सोसूनही काही जण शास्त्राकडे परतले. त्यांच्यातूनच १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. तिने इस्पितळे, शाळा काढल्या, पुण्याचे स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ तिचेच. मिलरने आपला हिशेब चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले, पण प्रभूची आशा सोडली नाही. महानिराशेनंतर एकशे सदुसष्ट वर्षांनी हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन प्रवचनकाराने रेडिओवरून २१ मे २०११ ही तारीख दिली, आणि त्याच्या काही श्रोत्यांनी आयुष्यभराची पुंजी जाहिरातींवर घालवली. २०१२ साली त्याने तारीख देणे हे पाप होते असे लिहिले. त्या कबुलीने श्रोत्यांची गेलेली पुंजी परत आली नाही. करोनाकाळात लशीला श्वापदाची खूण ठरवणाऱ्या अफवा ईशान्य भारतापर्यंत पोहोचल्या आणि तिथल्या चर्चपुढाऱ्यांना त्या खोडून काढाव्या लागल्या.

या फसगतीत सगळ्यांत जास्त भरडला जातो तो प्रामाणिक, गरीब विश्वासणारा. त्याला उपहासाने नव्हे, शिक्षणाने वाचवता येईल. आमच्या पाळकांनी आणि धर्मगुरूंनी ऑगस्टीन, हॉल, डार्बी आणि बेथलेहेमची मंडळी, सगळ्यांचे म्हणणे एखाद्या शांत रविवारी, भीतीचे वातावरण नसताना, लोकांसमोर ठेवावे. दानीएलाचा आठवा अध्याय उघडावा, २३०० दिवसांची मोजणी फळ्यावर करून दाखवावी आणि १८४४ साली ती कशी चुकली तेही सांगावे. पुढच्या युद्धाच्या किंवा भूकंपाच्या बातमीबरोबर कुणीतरी नवी तारीख घेऊन दारात उभा राहील, त्याच्या आत हे झाले पाहिजे.