टोंचण्यापूर्वींची तपासणी

एच.आय.व्ही.चा संसर्गच होऊं नये म्हणून सहा महिन्यांतून एकदां टोंचून घ्यावयाचें लेनाकापाविर हें औषध आतां निघालें आहे. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील प्रयोगांत तें घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकीं एकीसही संसर्ग झाला नाहीं, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. मग दर वेळीं रक्त कशास तपासावें, असें सुज्ञ वाचक विचारतील. विषाणु आधींच शरीरांत शिरला असेल, तर हें एकटें औषध त्याचा नाश करूं शकत नाहीं. उलट औषधास न जुमानणारे विषाणु मात्र उरतात, आणि पुढील उपचार अवघड होतो. म्हणून तपासणी हवीच.

परंतु तिचा बाऊ नको. महागड्या परीक्षेसाठीं दूरच्या शहरीं जावें लागलें, तर खेड्यांतील गरीब मुलगी औषधासही मुकेल. जागतिक आरोग्य संघटनेनें जुलै २०२५ मध्यें बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी शीघ्र चांचणी यासाठीं मान्य केली. अगदीं नव्या संसर्गाचा पत्ता तीस उशिरां लागतो, हें खरें. तथापि अतिसूक्ष्म पण दुर्मिळ परीक्षेपेक्षां साधी पण न चुकतां होणारी परीक्षा बरी, असें आमचें मत आहे.