बढतीचा अर्ज लेखी द्या



संपादकीयासाठी ‘बढती’ हा विषय घेतला तेव्हा आपल्यातल्याच काहीजणींनी नाक मुरडलं. हा पांढरपेशा बायकांचा प्रश्न. जिची नोकरीच टिकत नाही तिला बढतीचं काय, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण दिंडोशीत राहून मला तो पुरता पटत नाही, कारण बायकांची वरची वाट कशी अडवली जाते याचा सगळ्यात स्वच्छ दाखला आपल्या शेजारच्याच धंद्यातला आहे.

गोरेगावची चित्रनगरी राज्य सरकारने १९७७ साली उभारली. पण सिनेमाच्या सेटवर कुणी कोणतं काम करायचं हे ठरवत होत्या कामगारांच्या संघटना. वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांच्या मुंबईतल्या संघटनेचा नियम असा, की मेकअपचं कार्ड फक्त पुरुषाला, बाईला फक्त हेअर ड्रेसरचं. कार्ड नाही तर काम नाही. नटीचे केस बांधणारी बाई कितीही वर्षं सेटवर राबली तरी तिचा हात चेहऱ्यापर्यंत पोचायचा नाही. (‘मेकअपमन’ हा शब्दच बघा ना.) चारू खुराना परदेशात रंगभूषा शिकून आलेली, तरी तिलाही कार्ड नाकारलं. संघटनेचं म्हणणं, अशी वाटणी केली की दोघांनाही काम मिळतं! कुणाला कोणतं आणि किती पैशाचं, हे विचारायचं नाही. शेवटी १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या ‘व्यक्ती’ला सभासद होऊ देत होता. बाई ही व्यक्ती असते, एवढं सिद्ध करायला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

आणि वाट अडवणारा मालक नव्हता, युनियन होती. हे आपल्याला टोचतं, टोचायलाच हवं.

विमानातही तेच. एअर इंडियात हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी, चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणी घरी बसायचं, असा नियम होता. नर्गिस मिर्झा आणि इतर जणी लढल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट काढून टाकली, पण लग्नाची ठेवली आणि बायका-पुरुषांचे संवर्ग वेगळे आहेत, हेही मान्य केलं. संवर्ग वेगळा म्हणजे शिडी वेगळी. विमानातल्या पर्यवेक्षकाची जागा पुरुषांचीच राहिली. २००५ च्या डिसेंबरात कंपनीने ती बायकांना खुली केली, तर पुरुष सहकारी कोर्टात गेले. ते हरले २०११ साली. मोजा, १९८१ ते २०११. या तीस वर्षांत किती जणी निवृत्त झाल्या असतील!

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आपल्याला सांगतात, आत्मविश्वासाने बोला, साहेबांच्या नजरेत राहा. बोलावं जरूर. पण ज्या शिडीला आपल्यासाठी वरच्या पायऱ्याच नाहीत, तिच्यावर आत्मविश्वासाने चढून पोचणार कुठे? मला वाटतं, सुरुवात कागदापासून करावी. वर सांगितलेले दोन्ही नियम लिहिलेले होते, म्हणून कोर्टापुढे ठेवता आले. आपल्या बहुतेकींच्या वाटेतले नियम कुठेच लिहिलेले नसतात. “तुझं मूल लहान आहे, पुढच्या वेळी बघू.” “रात्रपाळीला तुला कसं जमणार?” “बायकांच्या हाताखाली पोरं काम करत नाहीत.” हे सगळं चहा पिता पिता, गोड आवाजात.

म्हणून बढती तोंडी मागू नका. अर्ज द्या, पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. तोंडी कारण कागदावर उतरवायची वेळ आली की साहेब अडखळतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. सेवानियम आणि सेवाज्येष्ठता यादी मिळवा. सरकारी कचेरीत, महापालिकेत २००५ च्या माहिती अधिकाराने ती मागता येते. गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा सरकारी कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलंय. समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्यातही १९८७ साली दुरुस्ती होऊन बढती, प्रशिक्षण आणि बदलीतल्या भेदभावाला मनाई झाली होती. बढतीआधी प्रशिक्षणाला कुणाला पाठवतात तेही बघा, निवड पुष्कळदा तिथेच होऊन गेलेली असते. अर्ज एकटीने देऊ नका. चौघींनी दिला तर एकीला ‘भांडखोर’ ठरवणं अवघड जातं.

आणि युनियन सोडू नका, तिच्या कमिटीत शिरा. मीटिंग संध्याकाळी सातला ठेवतात, तेव्हा आपण कुकर लावत असतो. वेळ बदलायची मागणी ही बढतीचीच मागणी आहे.

उरला ठेक्यावरच्या बायकांचा प्रश्न, तो मघाच्या मैत्रिणींचा. महामार्गालगतच्या चकचकीत इमारतींत साफसफाई करणारीचा ठेकेदार बदलतो, फरशी तीच, बादली तीच, पण कागदावर ती पुन्हा ‘नवी’. तिची ज्येष्ठताच पुसली जाते, मग मुकादम होणं दूरच. तिने जुनी ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, पी. एफ. चा नंबर फेकू नये. आधीची वर्षं दाखवायला तिच्याकडे तेवढंच असतं. ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी झेरॉक्स काढून आपल्या बैठकीत आणा. कुणी किती वर्षं काम केलंय याची यादी आपणच करायला घेऊ.