काट्यावरचे नाव

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की वाशीम, मालेगाव, रिसोड या पट्ट्यात सकाळपासून शिवारात विळे चालू लागतात. ते चालवणारे हात बहुतांशी बायकांचे. निंदण त्यांचेच, कपाशीची वेचणीही त्यांचीच. मळणीयंत्रातून दाणे बाहेर पडेपर्यंत माल बाईच्या हातातला असतो. पोते शिवले की तो पुरुषाचा होतो. बाजार समितीच्या काट्यावर नाव सांगितले जाते ते घरच्या कर्त्या पुरुषाचे, हिशोबपट्टीही त्याच नावाने फाटते. महिला शेतकऱ्यांच्या संघटनाविषयी आपण भरभरून बोलतो; या एका क्षणाविषयी मात्र बोलत नाही.

2017-18 च्या श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांपैकी 73 टक्के शेतीत होत्या. 2015-16 च्या कृषिगणनेत वहितीदारांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्केच. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वाशीमही होता. जिथे नवऱ्यामागे शेत कसणाऱ्या बाईचा सातबारा सासऱ्याच्या नावे राहतो, तिथे या तफावतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बचत गटांनी बाईला बँकेची पायरी चढायला शिकवले, हे खरेच. पण गटाचे कर्ज बहुधा शेळीला, शिलाईयंत्राला, मुलीच्या लग्नाला. शेत त्या वर्तुळाबाहेरच राहिले. एकत्र पिकवून एकत्र विकू लागल्यावर चित्र बदलते. एकेका घरची पाच-दहा क्विंटल सोयाबीन व्यापाऱ्याकडे गेली की ओलावा आणि काडीकचरा यांपोटी कपात ठरलेली. तीच एका ठिकाणी वाळवून, चाळून, ओलावा मोजून ट्रकभर विकली की भावाविषयी बोलता तरी येते. मिळकतीतला फरक दर हंगामात डोळ्यांत भरेल असा नसतो, आणि तसे आश्वासन कुणी देऊही नये. मात्र पट्टी गटाच्या नावाने फाटते आणि रक्कम गटाच्या खात्यात जमा होते. माझ्या लेखी हा लाभ भावाहून मोठा आहे.

कायदा इथे आपल्यापेक्षा उदार आहे. 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीला दहा उत्पादक पुरतात, आणि प्राथमिक उत्पादनाशी निगडित काम करणारी कुणीही व्यक्ती उत्पादक ठरते. जमीन नावावर असण्याची अट त्या व्याख्येत नाही. प्रत्यक्षात मात्र भागधारक करून घेताना सातबारा मागण्याची रीत पडली आहे. म्हणजे पुन्हा तोच उंबरठा! चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. तिचे मोल मोठेच. पण तीत जमीन बाईच्या नावे करून देणारा नवराच होता. त्याच्या राजीखुशीची वाट न पाहता बायकांना शेतकरी म्हणून उभे राहता येईल, अशी जागा संघटनाने निर्माण होते.

केरळात कुटुंबश्री 1998 मध्ये सुरू झाली. वाशीम जिल्हाही त्याच वर्षीचा. तिथल्या महिला गटांनी जमीन मक्त्याने घेऊन शेती केली. बिना अगरवाल यांच्या अभ्यासात केरळातील गट हेक्टरी उत्पादनात वैयक्तिक शेतांपेक्षा सरस आढळले. तेलंगणातील गट उत्पादनात मागे, पण निव्वळ मिळकतीत बरोबरीचे. तेव्हा नुसते एकत्र येणे पुरत नाही. जमीन, कर्ज, पीक यांची सांगड लागते.

आपल्याकडे घोडे जमिनीपाशीच अडते. कूळ लागेल या धास्तीने मालक मक्त्याचा कागद करत नाही. कागद नाही म्हणून पीकविमा नाही, आणि हमीभावाच्या केंद्रावर नोंदणीला गेले तर पुन्हा मालकाचाच सातबारा. संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे वर्ष शेतकरी स्त्रीचे म्हणून जाहीर केले. त्यानिमित्त मेळावे भरवायचे असतील तर भरवावेत. पण मक्त्याचा करार गटाच्या नावे निर्धास्तपणे नोंदवता येईल, अशी सोय आधी तहसील कचेरीत व्हावी.