स्नायपर व्हायचंय? आधी वही उघडा

नववी-दहावीच्या मुलांना पुढे काय करणार असं विचारलं, की हल्ली प्रत्येक वर्गात दोन-चार मुलं 'आर्मी' असं उत्तर देतात. आर्मीत नेमकं काय, असं विचारलं तर त्यातला एखादा छाती फुगवून सांगतो, "सर, स्नायपर." त्याच्या डोळ्यांसमोरचं चित्र मला ठाऊक आहे. मोबाईलवरच्या गेममध्ये दुर्बिणीची काळी चौकट येते, मधोमध फुली असते, बोट दाबलं की समोरचा पडतो. या खेळात थंडी नाही, भूक नाही, पायाला मुंग्या येणं नाही. मेलात तर पुन्हा सुरुवात करता येते.

सैन्यात जाण्याची इच्छा चांगलीच आहे, तिला कोणी हसू नये. पण चित्र चुकलं की तयारी चुकते, आणि तयारी चुकली की मुलाची दोन-तीन मोलाची वर्षं वाया जातात. म्हणून या विषयावर मोहल्ल्यातल्या मुलांशी आणि त्यांच्या आई-वडिलांशी थोडं मोकळेपणानं बोलावं असं वाटलं.

या शब्दापासूनच सुरुवात करू. 'स्नायपर' हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचा जन्म आपल्या भूमीवरच्या पाणथळीतला आहे. 'स्नाइप' म्हणजे मराठीत पाणलावा. चिखलाच्या रंगाचा हा लहान पक्षी दलदलीत असा दबून बसतो की दोन पावलांवर असूनही दिसत नाही आणि उडतो तो वेडावाकडा, नागमोडी. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी त्याची शिकार करत. ज्याला पाणलावा टिपता येतो तो खरा नेमबाज, असं मानलं जाई. त्यावरूनच हा शब्द रूढ झाला. म्हणजे या हुनराच्या मुळाशी बंदुकीइतकंच दबून बसणं आहे, निरखणं आहे आणि वाट पाहणं आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या सैन्यात 'स्नायपर' म्हणून थेट भरती होत नाही. तुम्ही आधी साधे जवान होता. पलटणीत तुमची नेमबाजी, शिस्त, स्वभाव पाहिला जातो. त्यातून निवडक जवानांना पुढच्या प्रशिक्षणाला पाठवतात. मध्य प्रदेशातल्या महू इथलं इन्फंट्री स्कूल पायदळाच्या अशा प्रशिक्षणासाठी ओळखलं जातं. सीमा सुरक्षा दलाचं असंच केंद्र इंदूरला आहे. तिथला आठ आठवड्यांचा स्नायपर कोर्स २०२४ मध्ये उपनिरीक्षक सुमन कुमारी यांनी पूर्ण केला आणि त्या दलातल्या पहिल्या महिला स्नायपर ठरल्या. त्या तुकडीत ५६ पुरुष होते आणि त्या एकट्या महिला. पंजाबच्या सीमेवर पलटणीचं नेतृत्व करताना पलीकडून होणाऱ्या स्नायपर हल्ल्यांचा धोका त्यांनी पाहिला होता, म्हणून त्यांनी स्वतःहून या कोर्सची मागणी केली. ज्यांच्या घरात लेकीनं एनसीसीला जायचं की नाही यावरच अजून चर्चा चालते, त्यांनी ही बातमी घरी जरूर सांगावी.

तिथे शिकवतात काय?

जगभरच्या स्नायपर शाळांमध्ये एक खेळ खेळतात. एका कापडावर दहा-पंधरा वस्तू मांडतात: काडतूस, किल्ली, नाणं, दोरीचा तुकडा. थोडा वेळ पाहू देतात, मग झाकतात. काय काय होतं, कसं होतं, कुठल्या क्रमानं होतं ते लिहा. कधी लगेच लिहायला सांगतात, तर कधी दिवसभर दमवून संध्याकाळी. या खेळाला 'किम्स गेम' म्हणतात. रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' या कादंबरीवरून हे नाव आलं. त्यात एका मुलाला सिमल्यात ताटातली रत्नं दाखवून अशीच नजर शिकवली जाते. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईतला. आपल्या शाळांमध्ये स्काउट-गाइडच्या तासाला हाच खेळ कितीतरी शिक्षकांनी घेतला आहे आणि मुलांनी तो टाइमपास समजून खेळला आहे.

स्नायपरचं बरंचसं काम पाहणं आणि कळवणं असतं. तो तासन् तास एका जागी पडून समोरच्या टापूची नोंद ठेवतो. कोण आलं, किती वाजता, काय बदललं, कालचं झुडूप आज जरा सरकलं आहे का? त्यासाठी त्याला समोरच्या देखाव्याचं रेखाटन करता यावं लागतं. चित्रकलेचा तास 'मोकळा तास' समजणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावं.

आता गणित. दुर्बिणीत खुणा असतात, त्यांना 'मिल' म्हणतात. वस्तूची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला १,००० नं गुणायचं आणि ती जितके मिल दिसते त्या आकड्यानं भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे अंतर. १.८ मीटर उंचीचा माणूस ३ मिल दिसला, तर तो ६०० मीटरवर आहे. मोजण्यात अर्धा मिल चुकला आणि अडीच वाचलं, तर उत्तर येतं ७२० मीटर. एवढ्या चुकीनं नेम पार वाया जातो, कारण लांबवर जाताना गोळी सरळ जात नाही, खाली उतरत जाते. वारा तिला बाजूला ढकलतो. डोंगरावर हवा विरळ असल्यानं तीच गोळी मैदानापेक्षा वर लागते. हे सगळं सातवी-आठवीच्या गुणोत्तर-प्रमाणाचं आणि भूगोलाचं पोर्शन आहे. "सर, हे गणित पुढे कुठे लागतं?" या प्रश्नाला माझं हे एक उत्तर आहे.

शिवाय स्नायपरकडे एक वही असते. प्रत्येक गोळीची नोंद तिच्यात होते: तापमान, वारा, अंतर, नेम कुठे धरला, गोळी कुठे लागली. चुकलेली गोळीही लिहायची, आधी तीच लिहायची. आपल्या मुलांना चाचणीतली चूक खोडून टाकायची सवय आहे, ती जपून ठेवून अभ्यासायची नाही. हा फरक लहान वाटतो, पण सगळी तालीम त्याच्यावर उभी आहे.

हवामान हा पहिला शत्रू

फिनलंडच्या सिमो हायहा या शेतकऱ्याचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं. १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजेशी झालेल्या लढाईत त्याच्या नावावर पाचशेहून अधिक शत्रुसैनिकांची नोंद आहे. पण मला तो आकडा महत्त्वाचा वाटत नाही. उणे वीस ते उणे चाळीस अंशांत तो कसा टिकला, ते महत्त्वाचं आहे. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरायचा. दुर्बिणीची काच चमकते, तिच्यावर दव साचतं आणि तिच्यातून पाहायला डोकं वर काढावं लागतं, म्हणून तो साध्या माशीनंच नेम धरायचा. उंचीनं जेमतेम सव्वापाच फूट असलेला हा माणूस लहानपणापासून रानात फिरलेला होता. इतका अचूक नेम कसा साधला, या प्रश्नाला म्हातारपणी त्यानं दिलेलं उत्तर एका शब्दाचं होतं: सराव.

आपल्याकडे सियाचीन आहे. १९८४ पासून आपले जवान तिथे उभे आहेत आणि तिथे गोळीपेक्षा हवेनं, उंचीनं आणि हिमकड्यांनी जास्त जीव घेतले आहेत. एवढ्या उंचीवर कुणालाही थेट नेत नाहीत. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, त्यावरच्या टप्प्यात चार दिवस, १५,००० च्या वर आणखी चार दिवस शरीराला सवय लावतात. कितीही दणकट जवान असला तरी हा नियम मोडता येत नाही. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरतं, मेंदूला सूज येते.

थंडीत टिकणं बारीकसारीक सवयींवर अवलंबून असतं. मोजे ओले झाले की लगेच बदलायचे. बुटात बोटं हलवत राहायची. एका जाड कोटापेक्षा एकावर एक पातळ थर घालायचे आणि घाम येण्याआधी एक थर काढायचा, कारण घामच पुढे गोठतो. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं. हिमदंश झालेल्या बोटांवर बर्फ चोळायचा नाही आणि ती शेकोटीवरही धरायची नाहीत. जोडीदाराचा चेहरा तुम्ही पाहायचा आणि तुमचा त्यानं, कारण स्वतःच्या नाकाचा शेंडा पांढरा पडलेला स्वतःला दिसत नाही. स्नायपरही एकटा नसतो. त्याच्याबरोबर निरीक्षक असतो आणि दोघांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा असावा लागतो.

हा भरवसा नाव, गाव, जात, धर्म विचारत नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि १९ मद्रास पलटणीचे दहा जवान त्याखाली गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते आणि आंध्र प्रदेशातल्या कर्नूलचे मुश्ताक अहमद होते. एकाच बर्फाखाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथेच कर्तव्यावर असताना बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर अक्षय गवते गेला. सैन्यात जाणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला हेही माहीत असलं पाहिजे. किंमत लपवून स्वप्न विकणं हे शिक्षकाचं काम नाही.

अब्दुल हमीद यांचा खरा धडा

शाळांच्या कार्यक्रमांत आपण परमवीर अब्दुल हमीद यांचं नाव अभिमानानं घेतो. पण बहुतेक भाषणं 'त्यांनी रणगाडे उडवले' इथेच संपतात. कसे उडवले? सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर त्यांनी जीपवरची तोफ शेतातल्या उभ्या पिकाच्या आडोशाला लावली. अंगावर येणारे पॅटन रणगाडे मारा अचूक बसेल इतके जवळ येऊ दिले. मग गोळा डागला आणि शत्रूला ठिकाण कळायच्या आत जागा बदलली. पुन्हा तेच. लपणं, थांबणं, एकच अचूक वार, जागा बदलणं: ही अगदी स्नायपरची रीत आहे. गाझीपूरजवळच्या धामूपूरचा, शिंप्याच्या घरातला हा माणूस आधी आपल्या हत्याराचा उत्तम जाणकार होता, शहीद नंतर झाला. आपण मुलांना शहादतीच्या गोष्टी सांगतो, त्यांच्या सरावाच्या सांगत नाही. हे बदललं पाहिजे.

काही जण विचारतील, शिक्षकानं मुलांना हे सांगावं का? शेवटी हे माणूस मारण्याचंच कसब आहे ना? प्रश्न रास्त आहे. तोफ डागणाऱ्याला समोरचा दिसत नाही, स्नायपरला त्याचा चेहरा दिसतो. म्हणूनच निवड करताना उतावळा, रागीट, फुशारकी मारणारा माणूस बाजूला काढतात. हुकूम नसेल तर समोर लक्ष्य असूनही बोट स्थिर ठेवणं हाच या प्रशिक्षणाचा गाभा आहे. गेम खेळून ज्याला मारण्याची मजा वाटू लागली आहे, त्याच्यासाठी ही जागा नाही, आणि हे त्याला आम्हीच सांगायला हवं.

मग करायचं काय?

मुलांनो, पहाटे रस्त्यावर धावता ते सोडू नका. पण २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि धावणं त्यानंतर. गणितात अडकलात तर मैदान दिसणारच नाही. २०२५ च्या भरतीपासून ही परीक्षा तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठी व उर्दू दोन्ही आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. "आपल्याला भाषेमुळे जमणार नाही" ही सबब आता संपली. अकादमीची भरमसाट फी भरण्याआधी दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं पुन्हा एकदा पूर्ण सोडवा. डोळे तपासून घ्या. तंबाखू, गुटखा, सिगारेट आजच सोडा, थंडीत आणि उंचीवर तेच आधी आडवे येतात.

पालकांनो, आधार कार्डावरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एक आहे का ते आजच पाहा. 'शेख', 'शेक' आणि 'Shaikh' च्या भांडणात ऐन भरतीच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आता दुरुस्ती करून घेणं सोपं आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, आठवड्यातून एकदा टेबलावर पंधरा वस्तू मांडा, एक मिनिट दाखवा आणि झाका. मग वही काढायला सांगा. ज्याला पंधरापैकी नऊ आठवतात, त्याला पुढच्या महिन्यात बारा आठवतील. तो पुढे सैन्यात जाईल, दवाखान्यात जाईल की एखाद्या वर्कशॉपमध्ये, ते त्याचं तो ठरवेल. पाहायची, थांबायची आणि चूक लिहून ठेवायची सवय त्याला तिथेही उपयोगी पडेल.