दोषी ठरला, तरी जामीन?

‘कोर्टानं दोषी ठरवलं आणि गडी संध्याकाळी घरी!’ साताऱ्यात असो वा सांगलीत, शिक्षेच्या निकालानंतर हा संताप हमखास ऐकू येतो. संताप खरा आहे. पण म्हणून दोषी ठरलेल्याला जामीनच नको, हे मला साफ नामंजूर आहे.

खटल्यात जामिनावर असलेल्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आणि त्याला अपील करायचं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 नुसार तेच कोर्ट त्याला अपिलापुरती मुदत देऊन जामिनावर सोडतं. नाकारायचं तर खास कारणं लागतात. मग सातबारा, ऐपतीचा दाखला आणि जामीनदार गोळा करत घरच्यांची दुपार जाते. बघणाऱ्याला वाटतं, सुटला. सुटत नाही, शिक्षा कायम असते, अंमल तेवढा थांबतो. हे दार लावून घेतलं, तर वर्षाची शिक्षा झालेला माणूस अपील बोर्डावर येण्याआधी ती भोगून बसेल. पुढे निर्दोष ठरला, तर ते वर्ष कोण भरून देणार? सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच, काश्मिरा सिंग प्रकरणात, खुनाच्या जन्मठेपेबाबतही हीच चिंता व्यक्त केली होती. तरीही जन्मठेपेत जामीन सहज मिळू नये आणि आधी सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी मिळावी, हा कायदा योग्यच आहे.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. संजय दत्तला 28 नोव्हेंबर 2006 रोजी शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवलं, शिक्षा सुनावली 31 जुलै 2007 रोजी. मधले आठ महिने तो बाहेर होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं 2022 मध्ये नेमकी हीच फट बुजवली: तुरुंगवास ठरलेलाच असेल, तर शिक्षा सुनावेपर्यंत अपवादात्मक परिस्थितीशिवाय जामीन नाही. आपल्याकडेही गंभीर गुन्ह्यात एवढी फट राहता कामा नये.

खरा रोग जामिनात नाही, रखडलेल्या अपिलात आहे. पाच-सात वर्षं अपील पडून राहिलं, की बाहेरचा दोषी मोकळा वाटतो आणि आतला निर्दोष कुजतो. सातारा-सांगलीची हायकोर्टातली अपिलं ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. या बेंचसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. त्याच वकील संघटनांनी आता फौजदारी अपिलांच्या तारखांसाठी तेवढ्याच नेटानं आग्रह धरावा.