हॉस्पिटलची मिठाची गुळणी

सर्व्हर वीस मिनिटं बंद पडला तर आमच्या धंद्यात दुसऱ्या दिवशी रिपोर्ट तयार लागतो. काय बिघडलं, कधी कळलं, परत होऊ नये म्हणून काय केलं. कुणाचा जीव गेलेला नसतो, तरीही! जिथे खरोखर जीव जातो तिथे मात्र असा रिपोर्ट मागितला की उत्तर मिळतं, "उगाच लोकांना घाबरवू नका."

मी बोलतोय कॅन्डिडा ऑरिसबद्दल. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच गोतावळ्यातली ही बुरशी. २००९ साली जपानमध्ये एका बाईंच्या कानात ती पहिल्यांदा ओळखली गेली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान, म्हणून हे नाव. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही. पण ज्याची केमो चालू आहे, ज्याचा अवयव बदललाय, जो कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर पडून आहे, त्याच्या शरीरात ती नळ्यांवाटे शिरते. एकदा रक्तात गेली की साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. फ्लुकोनॅझोल हे नेहमीचं औषध बहुतेक वेळा चालत नाही. कातडीवर, कॉटवर, यंत्रांवर ती दिवसेंदिवस तग धरते आणि फरशी पुसायची काही जंतुनाशकं तिला पुरत नाहीत.

हे सगळं परदेशातलं वाटतंय? २०११-१२ मध्ये भारतातल्या २७ आयसीयूंमधल्या रुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यातल्या १९ आयसीयूंत ही बुरशी निघाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची यादी केली, तेव्हा हिला सगळ्यात वरच्या गटात टाकलं.

आता ऑक्सफर्डचं बघा. २०१५ ते २०१७ या काळात तिथल्या एका न्यूरो आयसीयूत ७० रुग्णांमध्ये ती सापडली. शोधता शोधता कळलं की दोष होता ताप मोजायला काखेत लावायच्या प्रोबचा. तोच प्रोब पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रुग्णांना लावला जायचा. ते प्रोब काढले आणि साथ ओसरली. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी हे दडवलं नाही, २०१८ मध्ये छापलं. म्हणून आज कुठल्याही गावातला डॉक्टर आपल्याकडचे प्रोब तपासू शकतो.

आपल्याकडे बिलात हातमोज्यांची जोडी न् जोडी लिहिलेली असते. पण या वर्षी आयसीयूत किती जणांना आत आल्यावर संसर्ग झाला, ते विचारलं की मिठाची गुळणी. "पेशंट आधीच सीरियस होता" हे ठरलेलं वाक्य. अहो, सीरियस होता म्हणूनच तर तुमच्याकडे आणला ना?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. आकडे जाहीर केले तर जे हॉस्पिटल जास्त तपासण्या करतं तेच बदनाम होईल. मग तपासण्या किती केल्या तेही सांगा की! आकडेवारी वाचता येणारे लोक या शहरात कमी नाहीत.

असो. सरकार सक्ती करेल तेव्हा करेल. तोवर आईबाबांना ॲडमिट करताना कॅशलेस आहे का, पार्किंग आहे का, याच्याबरोबर तीन प्रश्न विचारा. कॅन्डिडा ऑरिसची तपासणी करता का? सापडली तर रुग्णाला वेगळं ठेवता का? आणि नातेवाईकांना सांगता का?